दूध सोडलेला चेअरमन

नाना,

तुझ्या जाण्याने खानदेशातलं दूध पोरकं झालं आहे. हे वाक्य माझं नाही. काल तुझ्या गंधमुक्तीला, सुतक फिटल्याच्या जेवणाच्या पंगती बसण्याआधी, दूध सोसायटीच्या पटांगणात शोकसभा झाली. तिथे पहिल्याच वक्त्याने ते म्हटलं आणि मंडपातल्या पुष्कळांनी माना डोलावल्या. मीही डोलावली; अशा ठिकाणी मान न हलवणारा भाऊ लोकांच्या डोळ्यांत येतो. खरं सांगायचं तर तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गावचं दूध नेहमीच्या वेळेला सोसायटीत आलं, फॅटही नेहमीचीच लागली आणि टेम्पो चोपड्याकडे वेळेवर निघून गेला. आपण पोरक्या झालो आहोत असं एकाही म्हशीने दाखवलं नाही.

दुसरा वक्ता म्हणाला, नानांनी शेवटच्या दिवसापर्यंत सकाळचा दुधाचा पेला चुकवला नाही. त्यावर तुझ्या सुनेने, अश्विनीने, माझ्याकडे पाहिलं आणि मी कनातीकडे. त्या मंडपात खरं काय ते तुझ्या घरच्यांना आणि मला एवढ्यांनाच माहीत होतं. मला बोलायला सांगितलं होतं, पण मी घसा बसल्याचं कारण दिलं. जे सांगायचं होतं ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. सोसायटीचा चेअरमन गेली दोन-अडीच वर्षं दुधाचा थेंब तोंडात घेत नव्हता, हे ऐकायला लोक शोकसभेत येत नाहीत.

शिवाय अश्विनीच्या आणि माझ्या डोक्यात काल वक्ते नव्हतेच. तू गेल्यापासून मुक्ता पुन्हा जेवेनाशी झाली होती. जेवणाच्या वेळेला ताटावर यायची, तू बसायचास त्या भिंतीकडे बघायची, ओठ घट्ट मिटायची आणि उठून जायची. तुझी नात आता चार वर्षांची आहे. तिच्या मिटलेल्या ओठांची या घराला केवढी धास्ती आहे, ते तुला मी सांगायला नको.

दूध हा आपल्या दोघांमधला जुना वाद. तू म्हणायचास, दूध म्हणजे पूर्णान्न. मी म्हणायचो, आहेच, पण ते पारडाचं. माणूस हा एकच प्राणी दुसऱ्याच्या आईचं दूध म्हातारपणापर्यंत पितो, असं कुठेतरी वाचलेलं मी तुला एकदा मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. तू शांतपणे तंबाखू मळत म्हणालास, "माणूस हाऊ एकच प्राणी पुस्तकं बी वाचस, मास्तर." मी धुळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचो, म्हणून तुझ्यालेखी जन्मभर मास्तर. तो वाद तिथे तू जिंकलास. पण मी तेव्हा ते कबूल केलं नाही, आणि आता करून काही उपयोग नाही.

सोसायटीत फॅट मोजायचं मशीन आलं तरी तुझा त्याच्यावर विश्वास नव्हता. रोज सकाळी पांढऱ्याशुभ्र धोतरात तू कॅनपाशी उभा राहायचास, तळहाताच्या खोलगट्यात दूध घेऊन चाखायचास आणि डोळे मिटून निकाल द्यायचास: ही म्हैस गाभण आहे, ह्याने काल सरकी घातली नाही, ह्याच्या घरी भांडी नीट घासत नाहीत. निम्मे निकाल बरोबर यायचे. उरलेले निम्मे कुणी तपासायचं नाही, कारण तू चेअरमन होतास. तुझी ती भरघोस मिशी दुधात बुडून वर यायची आणि तू ती मनगटाच्या मागच्या बाजूने पुसायचास. ही मिशी लक्षात ठेव. पुढे तिच्यावर येणारच आहे.

अश्विनी माझी विद्यार्थिनी. हे स्थळ मी आणलं, त्यामुळे तिचं काही चांगलं निघालं की ती "मन्ही सून", आणि वाकडं निघालं की "तुन्ही विद्यार्थिनी". मुक्ता झाली तेव्हा अर्थातच ती तुझी सून होती. मुक्ताच्या उष्टावणाला तू चांदीची वाटी घेऊन पाटावर बसलास. वाटीत घरच्या म्हशीच्या दुधाची खीर. सोसायटीचं सगळं संचालक मंडळ हजर होतं, फोटोवाला होता. तू बोटाने तिच्या ओठाला खीर लावली, तिने चाटली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पुरत्या थांबायच्या आत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. जळगावला नेईपर्यंत गाडीत तू वाटी हातातच धरून होतास. ती खाली ठेवायची तुला सुधरलंच नाही.

डॉक्टर बाईंनी सांगितलं, दुधाची ॲलर्जी. दुधातलं प्रथिन या बाळाच्या शरीराला शत्रू वाटतं. तू विचारलंस, म्हशीचं नको तर गायीचं? नको. शेळीचं? तेही नको, ही सगळी एकाच घराण्यातली. मग तू अगदी पडलेल्या आवाजात विचारलंस, हे कायमचं का? बाई म्हणाल्या, पुष्कळ मुलांची वाढत्या वयात जाते, पण कधी जाईल ते सांगता येत नाही. योग्य वेळी दवाखान्यातच थोडं देऊन बघू, घरी कुणी करून बघायचं नाही. परतताना तापीच्या पुलावर तू पहिल्यांदा बोललास. म्हणालास, "गावमा सांगू नको." दुधाच्या चेअरमनच्या घरात दूध चालत नाही, हे तुला आपल्या घरावर पडलेल्या धाडीसारखं वाटत होतं.

गावाला आठवड्यात कळलं. मग सल्ले सुरू झाले. थोडं थोडं पाजा, सवय होते. नजर काढा. आईनेच बाळंतपणात काही पथ्य मोडलं असेल. अश्विनी अंगावर पाजत होती म्हणून डॉक्टरांनी तिचंही दूध, दही, ताक, तूप बंद केलं होतं. ती कोरडी भाकरी आणि डाळ खात होती आणि वर हे ऐकत होती. पण घात केला तो तुपाने. आपल्याकडे तूप म्हणजे दूध नव्हेच. तूप म्हणजे तूप. दूध बंद म्हटल्यावर वहिनींनी दूध बंद केलं, मायेने दुसरं काही सोडलं नाही, आणि नातीच्या वरणभातावर तुपाची धार धरली. पुन्हा गांधी, पुन्हा उलटी, पुन्हा जळगाव. वहिनींना तुपातही दुधाचा अंश राहतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगावं असं आपल्यापैकी कुणाला सुचलंही नव्हतं.

त्यानंतर मुक्ताने आपल्या परीने निष्कर्ष काढला: जे चमच्यातून येतं ते दुखवतं. चमचा दिसला की ती ओठ मिटायची, मान फिरवायची, जास्त केलं तर ओकारी काढायची. तिच्यासाठी डब्यातली खास पावडर आणली होती. तिचा वास घेऊन तू म्हणालास, ही फवारली तर केळीवरचा करपा जाईल. मुक्ताचंही मत काही वेगळं नव्हतं. आहारवाल्या बाईंनी नागली, डाळी, तीळ, शेंगदाण्याचा कूट, कॅल्शियमचे थेंब असं सगळं सांगितलं होतं. अंड्याचं नाव निघालं तेव्हा वहिनी उठून देवघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पण पदार्थ कितीही सांगितले तरी तोंड उघडायला हवं ना. अश्विनी वाटी घेऊन तिच्यामागे घरभर फिरायची, गिरीश, तुझा मुलगा, मोबाइल नाचवायचा, तू टाळ्या वाजवायचास. काट्यावर मुक्ताला बसवलं की सगळे श्वास धरायचे, जणू कुणी जोरात श्वास सोडला तर तेवढंही वजन उडून जाईल. काटा काही हलायचा नाही.

त्यात आणखी एक कोडं. स्वयंपाकघरातून दुधाचं भांडंसुद्धा गेलं, तरी मुक्ताच्या गालावर रोज सकाळी लाल चट्टे उठायचे. अश्विनीने साबण बदलला, पांघरूण बदललं. वहिनींच्या हातांवरही तिचा संशय गेला आणि घरात बोलणं कमी झालं. मग तू प्रशिक्षणाला नाशिकला गेलास आणि चट्टे थांबले. परत आलास, पुन्हा उठले. तेव्हा तिला कळलं, पण सासऱ्याला कसं सांगणार? तिने मला फोन केला. मी धुळ्याहून दोन बस बदलून आलो, मोठं शहाणपणाचं भाषण मनात जुळवत. ओसरीवर तू मुक्ताला मांडीवर घेऊन बसला होतास. सोसायटीतून नुकताच आला होतास. मी प्रस्तावना सुरू केली: माणसाच्या सवयी, नकळत होणारे परिणाम, असं बरंच काही. तू म्हणालास, "मास्तर, सरळ बोल."

मी म्हणालो, "तुझी मिशी."

तू मनगट मिशीला लावलंस, बघितलंस, आणि मुक्ताच्या गालाकडे बघितलंस. तळहातावर चाखलेलं गावभरचं दूध तू रोज सकाळी आपल्या मिशीतून घरी आणत होतास आणि आल्याआल्या नातीचा पापा घेत होतास. तू मुक्ताला अश्विनीकडे दिलंस, चपला घातल्यास आणि बाहेर पडलास. मला वाटलं, रागावून शेतात गेलास.

परत आलास तेव्हा दारात उभा राहिलास, आणि वहिनींनी परका माणूस आलाय असं समजून डोक्यावरून पदर घेतला. मुक्ता तुला बघून रडायला लागली. ज्या ओठाला सूर्य माहीत नव्हता तो पांढराफटक दिसत होता. तू सगळ्यांकडे बघून म्हणालास, "आते हासू नका. न्हावी बी हासत व्हता." आणि मग स्वतःच पहिल्यांदा हसलास.

पुढचं मात्र तू कुणाला सांगितलं नाहीस. दूध चाखणं सोडलंस. सेक्रेटरीला म्हणालास, नव्या पिढीला संधी दिली पाहिजे. चहा कोरा घ्यायला लागलास, विचारणाऱ्याला सांगायचास, डॉक्टरांनी पित्तासाठी सांगितलंय. ताकाशिवाय खिचडी न उतरणारा तू, खिचडीवर शेंगदाण्याची चटणी घेऊन जेवायला लागलास. सभांमध्ये मात्र दुधाचं गुणगान आधीसारखंच चालू होतं. एकदा मी तुला डिवचलं: पूर्णान्नावर भाषण देतोस आणि घरी नागलीची पेज पितोस? तू म्हणालास, "भाषन पचाले काय लागस?" तुझ्याशी वाद घालण्यात माझं आयुष्य गेलं. पुस्तकं माझ्याकडे होती आणि उत्तरं तुझ्याकडे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

जेवणाचं युद्ध तू कसं थांबवलंस, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आहारवाल्या बाई अश्विनीला म्हणाल्या होत्या की बळजबरी करू नका, मागे धावू नका, घासाकडे टक लावू नका. सगळ्यांबरोबर बसू द्या, अन्नाला हात लावू द्या, भीती हळूहळू जाईल. अश्विनीला पटलं होतं, पण ज्या पोरीचं वजन वाढत नाही तिच्याकडे न बघता कुठली आई जेवू शकते? तू ऐकून घेतलंस आणि संध्याकाळी पंगतीत सगळ्यांना खाली बघायचं फर्मान काढलंस. "बठ्ठा खाली देखा. तिले भूक लागनी का खाई ती." आणि तू मुक्ताच्या समोर, भिंतीला टेकून, आपलं ताट घेऊन बसलास आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता जेवायला लागलास. कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्चा कांदा. नाना, तू जन्मात कधी कुणाला तुझ्याकडे न बघता बसू दिलं नव्हतंस. हारासाठी मान आधी पुढे करायची तुझी सवय. त्या माणसाने आपल्यासमोर बसलेल्या एकुलत्या एका प्रेक्षकाकडे पाठ फिरवल्यासारखं जेवावं, याचं मला किती नवल वाटलं ते मी तुला सांगितलं नाही. आता सांगतो.

पहिले कितीतरी दिवस काहीच झालं नाही. मग उन्हाळा आला. गच्चीवर वहिनींनी बिबड्या घातल्या, ज्वारीच्या, लसूण-तीळ लावलेल्या, पापडासारख्या, कापडावर गोल गोल ओळीने. कावळे आणि शेजाऱ्यांची शेळी हाकलायचं काम तुझ्याकडे आणि मुक्ताकडे. मी त्या दिवशी तिथेच पायरीवर सावलीला बसलो होतो. मुक्ताने अर्धवट वाळलेल्या एका बिबडीची कड नखाने उचकली, थांबली, तुझ्याकडे बघितलं. तू लगेच सातपुड्याकडे तोंड फिरवलंस. सातपुडा त्या दिवशी बघण्यासारखा मुळीच नव्हता; उन्हाच्या झळांत तो दिसतही नव्हता. तरी तू एखाद्या पर्यटकासारखा तिकडे बघत राहिलास. मुक्ताने चिकट तुकडा ओढून तोंडात घातला, चघळला, गिळला. दुसरा ओढला. तुझे डोळे भरून आले होते, पण ते सातपुड्याला दिसले, तिला नाही.

तेव्हापासून ती खायला लागली. एका दिवसात नाही, आणि सगळं नाही. आधी बिबडी, मग तिच्याबरोबर डाळीचं पाणी, मग वाफवलेल्या डाळीचे फुनके, तिळाची चटणी, केळं. आपल्या हाताने, तुझ्यासमोर, तू बघत नसताना. काटा हलला. अश्विनीने मला फोनवर वजन सांगितलं तेव्हा एखाद्या विद्यापीठाचा निकाल सांगावा तसं सांगितलं. वहिनींशीही ती पुन्हा बोलायला लागली. बिबड्या कुणाच्या हातच्या होत्या, ते विसरणं तिला शक्य नव्हतं.

गेल्या महिन्यात मी आलो होतो तेव्हा तू कपाट उघडून मला चांदीची वाटी दाखवलीस. चिंचेने घासून लख्ख केली होतीस. पुढल्या वर्षी दवाखान्यात चाचणी घेऊ असं डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, त्याची ही तयारी. मी म्हणालो, अरे, तिथे पहिला घोट डॉक्टर देतात, मोजून, समोर औषधं ठेवून. तू म्हणालास, "देऊ दे. पहिला घोट डॉक्टर देई, पन वाटी मन्ही ऱ्हाई." आणि कपाट लावताना म्हणालास, "नई जमनं तरी चाली. बिबडी शे." दुधाच्या वादात तू एवढी माघार कधी घेतली नव्हतीस. मी ती माघार आहे हे न कळल्याचं सोंग केलं. त्याबद्दल तू माझे आभार मानायला हवे होतेस, पण तेवढ्यात तू गेलास. केळीच्या बागेत ठिबकची नळी बघायला वाकलास आणि उठला नाहीस. वाटी अश्विनीने जपून ठेवली आहे. चाचणीच्या दिवशी ती पिशवीत असेल.

तर कालची सभा. टेबलावर तुझा मोठा फोटो, हार घातलेला. फोटोत मिशी आहे. सोसायटीने फोटो शोधले तेव्हा बिनमिशीचा एकही चांगला सापडला नाही. मिशी गेल्यावर तू फोटोवाल्याला टाळायचास. मुक्ताने फोटोकडे बघून अश्विनीला विचारलं, "आई, हाऊ बाबा कोन शे?" मिशी गेली तेव्हा ती जेमतेम दीड वर्षाची होती, गाव ज्याला श्रद्धांजली वाहत होतं तो माणूस तिला माहीतच नव्हता. अश्विनीने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. तिसऱ्या वक्त्याने तुला दूधगंगेचा भगीरथ म्हटलं. मुख्य पाहुणे पांढऱ्या गाडीतून उशिरा आले होते आणि तुझं नाव विचारून घेऊन मग तुझ्या आठवणींवर बोलले. मुक्ता मांडीवरून उतरून कुठेतरी गेली. अश्विनी उठायला लागली, मी खुणेने बसवलं.

मग सेक्रेटरीने जाहीर केलं, आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून नानांना श्रद्धांजली वाहू. सगळं पटांगण उभं राहिलं. संचालक, पाहुणे, दूध घालणारे, आचारी, सगळ्यांनी हात जोडले, माना झुकवल्या आणि खाली बघितलं. अख्खा गाव एकदम खाली बघतोय, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आणि त्या शांततेत टेबलाखालून आवाज आला, कुरुम. मग पुन्हा, कुरुम, कुरुम.

मी मान न उचलता डोळे तिरके केले. पंगतीसाठी तळून ठेवलेल्यांतली एक मोठी बिबडी हातात घेऊन मुक्ता तुझ्या फोटोच्या टेबलाखाली बसली होती आणि खात होती. अश्विनीने ते पाहिलं, तिचा हात तोंडाशी गेला आणि तिने ताबडतोब मान आणखी खाली घातली. वहिनींनीही घातली. पाहुण्यांनी एक डोळा उघडला आणि लगेच मिटला. कुणीही तिच्याकडे बघितलं नाही.

स्तब्धता दोन मिनिटांची जाहीर झाली होती, पण पाहुण्यांना जळगावात आणखी एक शोकसभा गाठायची असल्याने ती लवकर आटोपली. बिबडी थोडी उरली होती. ती तिने पंगतीत संपवली.